आत्यांचं साडेनऊ ते पाच

आत्या,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पार पडला. कळसहून तुमच्या माहेरची माणसं आली, वंदनेला बसली, जेवली, तुमच्या फोटोला फुलं वाहून गेली. आता घरात मी आणि हे, दोघंच. आणि मी काय करते माहीत आहे? झोपते. दुपारचं जेवण झालं की जी आडवी होते ती चारला उठते. भेटायला बाया आल्या की तोंडावर पाणी मारून बाहेर येते, आणि माझे सुजलेले डोळे बघून त्या म्हणतात, "किती रडलीया बिचारी." मी तशीच चहा ठेवायला आत जाते. तुम्ही असतात तर लगेच बोलला असतात, "रडती कसली, घोरत व्हती."

रडलेही आहे, नाही असं नाही. पण खरं सांगू? मला मोकळं वाटतंय. हे मी फक्त तुम्हालाच सांगू शकते. सासू गेली आणि सुनेला मोकळं वाटलं म्हटलं की लोक त्याचा एकच अर्थ लावतात. माझा अर्थ तो नाही. पण तीन वर्षांपूर्वी तोच असता, अगदी तोच, आणि हे तुम्हालाही माहीत होतं. मधे काय घडलं ते आपण दोघी कधी बोललो नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुमची डावी बाजू गेली त्या वर्षी मी हसतच कामाला लागले होते. माझ्या आईचं करायला मिळालं नव्हतं, म्हटलं तुमचं करू. माझी अंगणवाडी आपल्या गल्लीच्याच टोकाला. मदतनीस बाईकडे मुलं सोपवून मी दोनदा पळत घरी यायची, तुम्हाला पाणी पाजायची, कूस बदलायची, परत पळायची. हे माळेगावला कारखान्यात, कधी पहिली पाळी, कधी तिसरी. घरी असले की तुमचे पाय चेपायचे, डोळ्यांत पाणी आणायचे आणि पाळीची वेळ झाली की निघून जायचे. माणूस वाईट नाही, तुमचाच मुलगा आहे. पण तुमचं पातळ बदलायची वेळ आली की त्यांना नेमकं अंगणात काहीतरी काम आठवायचं. आणि तुम्ही तर डायपरला शिवू द्यायला तयार नव्हतात. "त्ये पोरास्नी लावत्यात," म्हणायचात. दिवसाला चार चादरी, चार पातळं, आणि ती धुणारी मी एकटी. दीड वर्ष असं गेलं. पहिले काही महिने मी तुमच्याशी बोलत बोलत सगळं करायची. मग नुसतंच करायला लागले. मग दात खाऊन.

आता ती दुपार. चैताचं ऊन होतं. सकाळपासून तिसऱ्यांदा तुमचं अंथरूण बदलून मी नुकती पडवीत टेकले होते. मुलांची वजनं, उंच्या मोबाईलमध्ये भरायच्या राहिल्या होत्या. तुम्ही आतून हाक मारलीत, "सुनंदे, वलं झालंय गं." मी ऐकलं. उठले नाही. तुम्ही पुन्हा हाक मारलीत, पुन्हा मारलीत. चौथ्या हाकेनंतर थांबलात. मी सगळ्या मुलांची वजनं भरली. मग उंच्या भरल्या. मग काही भरायचं उरलं नाही तरी मोबाईल हातात धरून बसले. तासभर मी तुम्हाला ओल्यात ठेवलं, आत्या, मुद्दाम. आणि त्या तासात मला वाईट वाटत नव्हतं. बरं वाटत होतं.

आत आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. चादर गार पडली होती, कडेकडेनं वाळायला लागली होती. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आत्ताच झालंय बघ."

मी पाणी आणलं. तुम्हाला पुसलं, कोरडं केलं आणि न्हाणीत जाऊन चादर धूत बसले. तुम्ही मला लाजेतून वाचवायला खोटं बोलला होतात. शिव्या दिल्या असत्यात तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. नर्सताई आल्या होत्या. बाळाला काट्यात ठेवायचं सोडून मी त्याला हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांनी बाळ माझ्याकडून काढून घेतलं, आईकडे दिलं आणि मला मागच्या खोलीत नेऊन विचारलं, "घरी काय चाललंय?" मला वाटलं, मी तुमच्या आजाराचं सांगेन. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "ताई, माझ्या हातनं काय तरी वंगाळ व्हईल."

त्या दचकल्या नाहीत. तेवढ्यानंच मला अर्धं बरं वाटलं. म्हणाल्या, "बारामतीत एक केंद्र हाय म्हाताऱ्या माणसांचं. सकाळी साडेनऊला गाडी दारात येती, संध्याकाळी पाचला सोडती. आश्रम न्हवं त्ये. औषधपाणी, व्यायाम, जेवण, समदं तितं. आन् तेवढा वेळ घरातल्या बाईला. ती बाई पडली तर म्हातारीचं कोण करणार?"

घरी मी सांगितलं की डॉक्टरांनी तिथला व्यायाम सांगितलाय. डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. हे भडकले. "आईला आश्रमात टाकायची व्हय?" मी म्हटलं, "संध्याकाळी पाचला घरी येतो त्यो कसला आश्रम?" तुम्ही दारावरून जाईल त्या बाईला खाटेवरून ओरडून सांगत होतात, "सून टाकती मला, बारामतीला!" आपल्या पिंपळीत दोन दिवसांत हे घरोघर झालं. मला वाईट वाटायला हवं होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं, साडेनऊ ते पाच म्हणजे साडेसात तास.

पहिल्या दिवशी मी गाडीतून तुमच्याबरोबर आले. जुन्या बंगल्याचा तळमजला, दाराला पायऱ्यांऐवजी उतार, संडासात धरायला दांड्या, भिंतीलगत खुर्च्या, त्यांवर पंधरा-वीस म्हातारी माणसं. सुरेखाताई म्हणून तिथं सगळं बघणाऱ्या बाई, त्यांनी तुमचा हात धरला. आणि मी काय केलं, तर वीस वर्षं पोरांच्या आयांना जे शिकवत आले तेच. नवं पोर आणलं की मी आईला सांगते, सोडायचं, पाठ फिरवायची आणि चालू पडायचं. वळून बघायचं नाही. बघितलं की पोर रडतं. मी पाठ फिरवली आणि चालू पडले.

तेवढ्यावर भागलं असतं, पण सवय फार वाईट. तुमच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ यायची, डावा हात चालत नव्हता, धरून उठवलं की चार पावलं टाकायचात ती उजव्यातल्या काठीवर. म्हणून सकाळी निघताना मी तुमच्या खांद्याशी पदराला पिनेनं रुमाल लावला होता. अंगणवाडीत शेंबड्या पोरांच्या छातीशी लावते तसाच. मी विचारसुद्धा केला नाही, हात आपोआप गेला. तुम्हाला तो दिसला केंद्रातल्या बेसिनच्या आरशात, हात धुताना, चार लोकांच्या देखत.

संध्याकाळी गाडीतून उतरलात, काठी टेकत माझ्यासमोर आलात, दाराला टेकून काठी सोडलीत आणि मूठ उघडलीत. रुमाल आणि पीन. "ह्ये घे. तुझ्या पोरास्नी लाव." मग आठ दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मात्र गाडीत रोज बसत होतात. माझं तोंड बघायला नको म्हणून बसत असाल.

मला त्या आठ दिवसांची लाज वाटायला हवी. पण ते माझे पहिले आठ दिवस होते. पहिल्या दिवशी परत आले, अंगणवाडीतली मुलं सोडली, तिथली उरलेली कामं आटपली आणि घरी आले. वाटलं होतं घर आवरीन, तर तव्यावरची गरम भाकरी आणि ठेचा घेऊन उंबऱ्यावर बसले आणि एका बैठकीत, कुणी हाक न मारता, अख्खी खाल्ली. मग तुमच्या खाटेवर पडले. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा जाग आली. पुढच्या आठवड्यात एक दिवस रजा टाकून इंदापूरला बहिणीकडे गेले. दोन वर्षांनी गेले असेन. तिनं माझ्या डोक्याला तेल घातलं आणि मी तिच्या मांडीवर बोलता बोलता झोपून गेले. पाचच्या आत परत आले. एसटीतून उतरून चालताना माझ्या लक्षात आलं, मी तुमची वाट बघत होते. गाडी यायला दहा मिनिटं उशीर झाला तर कासावीस झाले. ही नवीनच गंमत होती.

नवव्या दिवशी तुम्ही बोललात. गाडीतून उतरलात ते तोंड भरून काहीतरी घेऊनच.

"आज मालकीणबाई माझ्या गलासातनं पानी प्याली."

मालकीणबाई म्हणजे कोण ते मला चांगलं माहीत होतं. ज्यांच्या उसात तुम्ही तुमच्या तरण्याताठ्या वयात खुरपणी केलीत त्या. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीतल्या फटीत तुमचा कप वेगळा ठेवलेला असायचा आणि पाणी वरून ओंजळीत ओतायच्या, हे तुम्हीच मला लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितलं होतंत. आता त्यांना सगळ्याचा विसर पडत चालला होता. त्यांची सून त्यांना त्याच गाडीनं धाडायची. जेवायच्या टेबलावर तुमच्या शेजारी त्यांना बसवलं होतं, आणि त्यांनी तुमचा अर्धा प्यायलेला गलास उचलून तोंडाला लावला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्या दुसरा मागितला. तिचं उष्टं कोन पिनार?"

मी हसले, आत्या. खळखळून. तुम्हीही हसलात, तुमच्या त्या एका बाजूच्या तोंडानं. माझ्या हसण्याचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला होता.

त्यानंतर तुम्हाला गाडी चुकवायची नसायची. व्यायामाला मालकीणबाईंचे आकडे चुकायचे, म्हणून तुम्ही मोजायचात. "बाई, हात वर करा. येक. दोन. खाली." घरी येऊन सांगायचात, "जल्मभर तिनं मला वाफ्यात बशीवलं, आता म्या तिला हात वर करायला लावते." मला आवडायचं ते. पण हळूहळू तुम्ही त्यांना घासही भरवायला लागलात, चालत्या उजव्या हातानं. तेव्हा माझं डोकं फिरलं. त्या भांडणाचा शेवट राहूनच गेला आपला. मी म्हटलं, "त्या समदं विसरल्या म्हणून तुमी बी विसरायचं?" तुम्ही म्हणालात, "म्या कुठं विसरले. पर आता भांडू कुनाशी? तिला तिचंच नाव सांगाया लागतंय." मी म्हटलं, "म्हणून घास भरवायचा?" तुम्ही म्हणालात, "तू न्हाय का मला भरवत?" मी चिडून स्वयंपाकघरात गेले. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. मी तुमच्या शेतात कधी खुरपलं नव्हतं. पण तुम्ही माझी सासू होतात, आणि पहिली दहा वर्षं तुम्ही काही साखर नव्हतात. त्या हिशोबानं म्हणत असाल तर मान्य.

केंद्राला तुम्ही शेवटपर्यंत बरं म्हटलं नाहीत. "ती शाळा" म्हणायचात. भाजी पांचट, भजनाला सूर नाही, सुरेखा बोलती फार. आणि रविवारी साडेनऊला दाराकडे बघून विचारायचात, "आज गाडी न्हाय व्हय?" मी म्हणायची, "रविवार हाय आत्या. आज तुमी माझ्या ताब्यात." तुम्ही तोंड वाकडं करायचात. डायपर मात्र तिथं निमूट लावून घ्यायला लागलात, कारण मालकीणबाई लावत होत्या. माझ्या दीड वर्षाच्या विनवण्यांनी काही झालं नव्हतं.

आणि मी बदलले. आधी तुमच्या अंगावरून पाणी घालताना मी पुढच्या कामाचा विचार करायची. आता संध्याकाळी तुमच्याजवळ बसून विचारायची, आज काय झालं शाळेत. तुमच्याकडे सांगायला असायचं, माझ्याकडे ऐकायला जीव असायचा. हे दोन्ही आधी नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, सून सुटली दिवसभर. सुटलेच होते. सुटले म्हणून तर संध्याकाळी परत बांधून घेता आलं.

परवा सुरेखाताई भेटायला आल्या होत्या. मालकीणबाईंना अजून कळलेलं नाही म्हणाल्या, त्या रोज शेजारची खुर्ची धरून ठेवतात. मग चहा घेता घेता सहज म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आत्या खिडकीपाशी हुब्या व्हत्या. तुमी फाटकातनं भाईर पडंपत्तूर. म्हटल्या, माझी सून वळून बघती का त्ये बघते." माझ्या हातातली बशी तशीच राहिली. तीन वर्षं तुम्ही हे मला ऐकवलं नाहीत. रुमाल ऐकवलात, भाजी ऐकवलीत, हे नाही.

तर आता मी सांगते. वळले नाही ते पोरांचं शास्त्र म्हणून नव्हतं. वळले असते तर तुम्हाला घेऊन घरी आले असते. आणि घरी आणलं असतं तर पुढच्या चैतात काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. एक तास ठेवलं होतं, दोन तास ठेवलं असतं. चिमटा काढला असता. असं करणाऱ्या बाया मी पाहिल्यात आत्या, त्या काही राक्षसिणी नसतात. दमलेल्या असतात. मी त्यांच्यात जाता जाता राहिले. डॉक्टरांचं खोटं सांगितलं त्याची माफी मागते. पाठ फिरवली त्याची मागणार नाही.

त्या तासाची मात्र मागायची होती. कितीदा तोंडाशी आली. तुम्ही विषय निघू द्यायचा नाहीत की मलाच धीर व्हायचा नाही, कोण जाणे. शेवटच्या महिन्यात तुमचं खाणं कमी झालं, गाडीतही झोपून जायला लागलात, तेव्हा मला कळत होतं की आता सांगायला हवं. मी उद्यावर ढकलत राहिले.

मग तो रविवार. हे अंगणात होते. मी कोमट पाण्यात कापड पिळून खाटेवरच तुमचं अंग पुसत होते. पाठ झाली, डावा हात झाला, बोटांच्या बेचक्या झाल्या. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तुझा हात हलका झालाय गं."

मी विचारलं, "आन् आधी?"

"आधी दुखायचं."

"सांगायचं की मग आत्या."

"तुला काय सांगू," तुम्ही म्हणालात. "तूच अर्धी मेल्याली व्हतीस."

मी कापड पाण्यात बुडवलं आणि तिथंच धरून ठेवलं, कारण मला समोरचं दिसेना. म्हटलं, "त्या दुपारी मी ऐकलं व्हतं आत्या. चारी हाका." तुम्ही म्हणालात, "म्हाईत हाय." मग म्हणालात, "चा टाक."

मी चहा टाकला आणि उशी सारखी करायला परत आले, तर तुमचा श्वास लांबलांब पडत होता. मी ह्यांना हाक मारली. ते धावत आले, तुमच्या पायांशी बसले. तुम्ही उजव्या हातानं माझं मनगट धरलं होतंत, जोर कसला तो, पण धरलं होतंत. तेवढ्यात चहा उतू गेल्याचा, करपल्याचा वास घरभर झाला. हे म्हणाले, "गॅस बंद करून ये जा." मी म्हटलं, "तुमी जा."

तीन वर्षांपूर्वी मी त्या वासामागं पळाले असते, आत्या, आणि पळायला मिळालं म्हणून सुखावले असते. त्या दिवशी तुमचा हात सैल होईपर्यंत मी बसून राहिले. मला कुठंही जायचं नव्हतं.